दारी येणारे अन्न आणि पिढ्यांची रुची

नवी दिल्लीच्या दक्षिण भागात रिंग रोडला लागून सरोजिनी नगर नावाची वस्ती आहे. देशभर तिची ख्याती आहे ती स्वस्त कपड्यांच्या बाजारासाठी. परंतु मुळात ती सरकारी नोकरांची वसाहत होय. स्वातंत्र्यानंतर दिल्लीत कारकुनांची संख्या झपाट्याने वाढली आणि त्यांच्या निवाऱ्याचा प्रश्न उभा राहिला. त्या पहिल्या मंत्रिमंडळात सार्वजनिक बांधकामाचे खाते पुण्याचे काकासाहेब गाडगीळ यांच्याकडे होते. त्या सुमारास ज्या वसाहती आखल्या गेल्या त्यांची नावे मोठी मासलेवाईक होती. चपराशी वगैरे मंडळींसाठी सेवानगर, कारकुनांसाठी विनयनगर, आणि वरच्या अधिकाऱ्यांसाठी माननगर व शाननगर! कोणी सेवा करावी, कोणी विनयाने वागावे आणि मान व शान कोणाच्या वाट्याला यावी, हे नावांनीच ठरवून टाकले होते. लोकशाहीला ही वाटणी शोभणारी नव्हती, आणि ती नावे पुढे मागे पडली. विनयनगराचे भाग पडून त्यांना सरोजिनी नगर, नेताजी नगर, लक्ष्मीबाई नगर अशी नावे मिळाली. सरोजिनी नायडू 1949 साली निवर्तल्या. गांधीजींच्या मिताहारी परिवारात राहूनही चांगल्याचुंगल्या पदार्थांची आवड न लपविणारी ही बाई होती. तिच्या नावाच्या वस्तीत आज दिवसभर जेवणाची पार्सले घेऊन मोटारसायकली धावतात, हा योगायोग तिला खचित आवडला असता.

या मोटारसायकली झोमॅटो आणि स्विगी या कंपन्यांच्या. मोबाइलवर बोट फिरवावे आणि अर्ध्यापाऊण तासात जेवण दारात यावे, ही सोय आता कोणाला नवलाची वाटत नाही. नवल वाटते ते दुसऱ्याच गोष्टीचे. एकाच घरात, एकाच स्वयंपाकघराच्या भिंतीआड, विशीतला मुलगा ही सोय श्वासोच्छ्वासाइतकी सहज मानतो, पन्नाशीतला बाप ती सणावारी वापरतो, आणि पंचाहत्तरीची आजी ते पुडके उघडण्यापूर्वी ‘कोणी केले?’ असे विचारते. बाजाराचा अभ्यास करणारे याला वयानुसार बदलणारी ग्राहकाची आवड म्हणतात आणि वयोगटांचे तक्ते मांडतात. हे तक्ते खोटे नसतात. तथापि ते एका क्षणाचे छायाचित्र असतात, आणि माणूस त्या क्षणाला कोठून आला हे छायाचित्रात दिसत नाही. त्यासाठी इतिहासाकडेच वळावे लागते.

महाराष्ट्राच्या आठवणीत घराबाहेरच्या अन्नाचा प्रश्न पहिल्याने जोरात गाजला तो 1890 साली. त्या वर्षी ऑक्टोबर महिन्यात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानिमित्त जमलेल्या प्रतिष्ठित मंडळींपुढे चहा-बिस्किटे ठेवण्यात आली. कोणी घेतली, कोणी नुसता हात लावला, कोणी तसेच उठले. डॉक्टर आनंदीबाईंचे पती गोपाळराव जोशी यांनी त्या मंडळींची नावे वर्तमानपत्रातून जाहीर केली आणि शहरात ग्रामण्य माजले. त्यात न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी झाली. अखेर 1892 साली रानड्यांनी, स्वतःला त्यात पाप वाटत नसतानाही, स्नेह्यांच्या घरची कुचंबणा थांबावी म्हणून प्रायश्चित्त घेतले. आपल्या विषयाच्या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही, की टिळक तेव्हा चौतीस वर्षांचे होते आणि रानडे अठ्ठेचाळीस. कर्त्या वयातली ही माणसे घरच्या आणि समाजाच्या वडीलधाऱ्यांना उत्तर देण्यास बांधली गेली होती. त्या काळी खाण्याच्या बाबतीत तारुण्याला मताधिकार नव्हता. काय खावे यापेक्षा कोणाच्या हातचे खावे हा प्रश्न मोठा होता, आणि त्याचे उत्तर वय आणि जात या दोहोंनी मिळून दिलेले असे.

परंपरेने असे सांगतात की त्याच 1890 च्या सुमारास मुंबईत महादू हावजी बच्चे यांनी डबे पोचविण्याचा धंदा सुरू केला. एका पारशी गृहस्थाला कचेरीत घरचे जेवण हवे होते, तेथून प्रारंभ झाला. पुण्यात एका पेल्याने धर्म बुडत होता आणि मुंबईत तोच धर्म वाचविण्याची सोय एक मावळी गडी आपल्या डोक्यावर वाहून नेत होता! डबेवाल्याच्या यशाचे मर्म नेमके येथे आहे. त्याने अन्न विकले नाही. घरच्या चुलीवर घरच्या बाईने शिजविलेले अन्न त्याने फक्त वाहून नेले. त्यामुळे ज्याला पचनाची काळजी होती तोही समाधानी राहिला आणि ज्याला सोवळ्याची काळजी होती तोही. मावळ, खेड, जुन्नर या भागांतील ही माणसे. पांढरा सदरा, गांधी टोपी, झाकणावर रंगाने काढलेल्या खुणा, लोकल गाडीचा डबा आणि दुपारी साडेबाराची वेळ. 1956 साली त्यांच्या संस्थेची धर्मादाय न्यास म्हणून नोंद झाली. सुमारे पाच हजार डबेवाले रोज दोन लाखांच्या आसपास डबे पोचवितात, असे पुढे सांगितले जाई, आणि हार्वर्डच्या व्यवस्थापन-पंडितांनीही त्याचा अभ्यास केला.

पण डबा हा कोणाचा? तो विवाहित, स्थिर नोकरीच्या, साधारणतः मध्यमवयीन माणसाचा. डबा येण्यासाठी घरात तो भरणारी कोणीतरी असावी लागते. ज्याचे घर गावाकडे आणि नोकरी गिरणीत, त्या तरुणाला डबा परवडणाराही नव्हता आणि मिळणाराही नव्हता. त्याच्यासाठी खाणावळ होती. कोकणातून आणि घाटावरून आलेले हजारो तरुण गिरणगावातल्या खोल्यांतून दाटीवाटीने राहत आणि महिन्याच्या हिशेबाने खाणावळवाल्या बाईकडे जेवत. पगार झाला की पैसे. संप झाला की उधारी. या बायकांची स्थिती किती हलाखीची होती हे प्रेमाताई पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केल्यानंतर पुष्कळांना समजले. त्याहूनही लहान वयाचा जो, तो विद्यार्थी. पुण्यात शिकणारा गरीब मुलगा माधुकरी मागे किंवा वार लावून जेवे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. ताटात पडेल ते खाणे, आणि यजमानीणबाईंच्या कपाळावरची आठी दिसली तरी न दिसलीसे करणे, हा त्या शिक्षणाचाच एक भाग होता.

म्हणजे विद्यार्थ्याला वार, तरुण मजुराला खाणावळ, संसारी गृहस्थाला डबा आणि वृद्धाला घरचे पान, असा एक क्रम होता. वयाबरोबर माणूस एका पायरीवरून दुसरीवर जाई. ही आवड नव्हती, ही व्यवस्था होती. विशीतल्या मुलाला खाणावळ आवडते म्हणून तो तेथे जात होता असे कोणी म्हटले नसते. आज मात्र विशीतला मुलगा ॲपवरून जेवण मागवितो तेव्हा ती त्याची आवड समजली जाते. वस्तुतः जो एका खोलीत तीन मित्रांसह राहतो, ज्याच्याकडे शेगडी नाही आणि ज्याची कचेरी रात्री नऊला सुटते, त्याची ही खाणावळच आहे. फरक इतकाच, की खाणावळवाली बाई त्याला नावाने हाक मारी आणि चार दिवस आला नाही तर चौकशी करी.

आता पुन्हा दिल्लीकडे वळू. विनयनगरात राहावयास आलेल्या कारकुनाला डबेवाल्याची गरज पडली नाही. मुंबईसारखी उपनगरी गाड्यांची दाट वीण दिल्लीत नव्हती, आणि सेक्रेटरिएट सायकलच्या टप्प्यात होते. तो आपला डबा हँडलला अडकवून नेई आणि हिवाळ्यात हिरवळीवर उन्हात बसून सहकाऱ्यांबरोबर खाई. तेथेच मराठी पोळीभाजीने पंजाबी पराठ्याची आणि मद्रासी दहीभाताची ओळख करून घेतली. फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांनी मोहल्ल्यामोहल्ल्यांत तंदूर आणला होता. दाक्षिणात्यांनी याच वस्तीत आपले विनायक मंदिर उभारले. घरी मात्र जो तो आपापल्या मुलखाचे जेवे. बाबू मार्केटमधून भाजी आणावी, 1959 साली सुरू झालेल्या दिल्ली दूध योजनेच्या केंद्रापुढे पहाटे रांग लावून काचेच्या बाटल्या आणाव्यात, 1963 पासून केंद्रीय भांडारातून डाळ-तांदूळ भरावा, असा दिनक्रम होता. या रांगांत बहुधा घरातली दोन टोके उभी असत, शाळकरी पोर आणि गावाहून आलेले आजोबा. कर्ता पुरुष कचेरीची तयारी करीत असे आणि बाई चुलीपुढे असे. अन्न घरापर्यंत आणण्यात वृद्धाला त्या काळी एक काम होते, आणि कामाबरोबर येणारा मानही होता. दूध फाटले तर त्यांना विचारले जाई. भाजी महाग आणली तर बोलणीही बसत. ही गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण पुढे जे घडले ते समजण्यास ती उपयोगी आहे.

सरकारी वसाहतीचे एक वैशिष्ट्य येथे सांगितले पाहिजे. तिच्यात घराचा धनी कधी म्हातारा होत नाही. निवृत्तीचे वय 1962 पर्यंत पंचावन्न होते, मग अठ्ठावन्न झाले आणि 1998 पासून साठ. ते गाठले की क्वार्टर सोडावे लागते. अर्थात तेथे जो वृद्ध दिसतो तो कोणाचा तरी बाप, कोणाची तरी सासू. घर त्याच्या नावावर नाही, पगार त्याचा नाही, आणि आता तर जेवणाचा हुकूम ज्या मोबाइलवरून सुटतो तो मोबाइलही त्याचा नाही. स्वतःच्या वाड्यात राहणारा सत्तरीचा पुणेकर आणि मुलाच्या क्वार्टरमध्ये राहणारा सत्तरीचा सातारकर यांचे वय एक असले तरी जेवणाच्या बाबतीतला अधिकार एक नसतो. वयोगटांचे तक्ते मांडणारे हे बहुधा विसरतात.

दिल्लीच्या नोकरवर्गात बाहेरच्या खाण्याची रुची कशी शिरली याच्या काही ठळक तारखा आहेत. 1985 साली केंद्र सरकारच्या कचेऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा लागू झाला आणि शनिवार मोकळा झाला. निरुला नावाच्या उपाहारगृहात चांगल्या गुणांचे प्रगतिपुस्तक दाखविणाऱ्या मुलास आइस्क्रीम फुकट मिळे. मुलाला गिऱ्हाईक मानणारी ही दिल्लीतली एक पहिलीच युक्ती म्हणावी लागेल, आणि आईबापांना तिचे कौतुकच वाटे. 1996 साली वसंत विहारात मॅकडोनाल्डचे पहिले भारतीय दुकान उघडले. डॉमिनोजचा पिझ्झाही त्याच वर्षी दिल्लीत आला. टेलिफोन करावा आणि तीस मिनिटांत पिझ्झा घरी यावा, ही कल्पना त्याने रुजविली. त्यापूर्वी वर्षानुवर्षे प्रतीक्षायादीत राहून मिळणाऱ्या टेलिफोनवर कोणी जेवण मागवीत नव्हते. त्यावर मृत्यूच्या आणि बाळंतपणाच्या वार्ता येत.

पुढचा टप्पा सर्वांच्या स्मरणात आहे. 2008 साली दिल्लीतील एका सल्लागार कंपनीत काम करणाऱ्या दीपिंदर गोयल आणि पंकज चड्ढा यांनी उपाहारगृहांची पदार्थपत्रके संगणकावर चढविण्यास आरंभ केला. कचेरीच्या कँटीनमध्ये ही पत्रके पाहण्यासाठी होणारी गर्दी हे त्याचे निमित्त होते. फूडीबे हे त्याचे नाव 2010 साली झोमॅटो झाले. 2014 साली बंगळुरात स्विगी निघाली. 2015 पासून झोमॅटोही जेवण पोचवू लागली. 2016 साली नोटाबंदी झाली आणि यूपीआयचा मार्ग खुला झाला. 2020 च्या जानेवारीत उबर ईट्सचा भारतातील कारभार झोमॅटोने घेतला, आणि मैदानात मुख्यतः दोनच मल्ल उरले.

या तारखा आणि माणसांची वये शेजारी ठेवली की एक गोष्ट उलगडते. 1996 साली पंधरा वर्षांचा असलेला मुलगा आज चाळिशी ओलांडून गेला आहे, आणि तो अजूनही शनिवारी पिझ्झाच मागवितो. ॲप तो वापरतो, पण ओळखीचे दुकान शोधतो. जे त्याला पूर्वी टेलिफोनवर मिळत असे तेच. 2015 साली वीस वर्षांचा असलेला मुलगा आज तिशीत आहे. त्याला दुकान ओळखीचे असण्याची गरज नाही. जेथे बसून खाण्याची जागाच नाही अशा नुसत्या स्वयंपाकघरातले जेवण तो अनोळखी माणसांनी दिलेल्या ताऱ्यांवर विश्वास ठेवून घेतो. आणि जो 1960 च्या सुमारास दुधाच्या रांगेत उभा होता तो मुलगा आज सत्तरीच्या पुढे आहे. त्याला वस्तू हातात घेऊन, वास घेऊन, भाव करून घेण्याची सवय आहे. तेव्हा ज्याला वयाचा परिणाम म्हणतात तो पुष्कळ अंशी जन्मवर्षाचा परिणाम आहे. माणूस विशीच्या आतबाहेर ज्या रीतीने जेवण मिळवावयास शिकतो ती रीत तो पुढे सहसा सोडीत नाही. म्हातारपणी तिलाच त्याची आवड म्हणतात. आजचा तिशीतला गृहस्थ सत्तरीचा होईल तेव्हा तो ॲप टाकून देऊन चुलीकडे वळेल असे मानण्यास काही आधार नाही.

अर्थात काही अंश निखळ वयाचाही आहे. मीठ, साखर, तेल यांची पथ्ये वयाबरोबर येतात, आणि ॲपवरच्या सुंदर चित्रांत मिठाचे प्रमाण दिसत नाही. बारीक अक्षरे दिसत नाहीत, चुकून बोट भलतीकडे लागले तर पैसे जातील अशी धास्ती असते, आणि पैसे दारात रोख मोजून देण्यात एक समाधान असते. एकट्याला लागते दीड पोळी आणि वाटीभर भाजी; तेवढ्यासाठी पोचविण्याचा वेगळा आकार आणि पुन्हा कर देणे ज्याने निवृत्तिवेतनावर दिवस काढले त्याला पटत नाही. म्हणूनच पुण्यामुंबईत एकट्यादुकट्या वृद्धांमध्ये ॲपपेक्षा महिन्याचा डबा अधिक चालतो. ओळखीच्या बाई, ठरलेली वेळ, तिखट कमी घाला असे सांगण्याची सोय. खाणावळच ती, फक्त आता तिचे गिऱ्हाईक विशीतले न राहता सत्तरीतले झाले. पूर्वीच्या क्रमाची एक पायरी अशी पार उलटी फिरली आहे.

2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदी झाली तेव्हा हा सारा पट विस्कटला. मुंबईच्या लोकल थांबल्या आणि एकशेतीस वर्षांची डब्यांची ये-जा थांबली. अनेक डबेवाले गावी परतले. पुढे गाड्या सुरू झाल्या, पण घरूनच काम करण्याची रीत पडल्यामुळे पुष्कळ गिऱ्हाइके परत आली नाहीत. इकडे वृद्धांनी घराबाहेर पडू नये असा सल्ला होता, त्यामुळे ज्यांनी कधी मोबाइलवरून भाजीही मागविली नव्हती त्यांना ते शिकणे भाग पडले. काही शिकले आणि रमले. काहींना शिकवावे लागलेच नाही: बंगळुरातला मुलगा तेथूनच दिल्लीतल्या आईसाठी जेवण मागवू लागला. आईने मुलाच्या डब्याची काळजी करावी या जुन्या रीतीचा हा उलटा प्रवास आहे. त्यात माया आहे यात शंका नाही. पण काय खावे हे दूर बसलेला मुलगा ठरवितो आणि आई दार उघडते, यात पहाटे दुधाची रांग लावणाऱ्या आजोबांच्या मानातला एक अंश गेला, हेही तितकेच खरे.

कोणाच्या हातचे, हा प्रश्नही पुरता मेला नाही. 2024 च्या मार्चमध्ये झोमॅटोने केवळ शाकाहारी जेवणासाठी हिरव्या पोशाखाची वेगळी माणसे नेमण्याची घोषणा केली आणि टीका होताच एका दिवसात वेगळा पोशाख मागे घेतला. ही सोय कर्मठ म्हाताऱ्यांसाठी होती असे समजणे घाईचे होईल. मागणी करणाऱ्यांत मोबाइल सफाईने वापरणारे तरुणही असणारच. 1890 चा प्रश्न 2024 साली नव्या पोशाखात उभा राहावा, आणि पिढ्यांचे अंतर तेथे एकाएकी पुसले जावे, हे चमत्कारिक खरे. उलट ज्या आजी ‘कोणी केले?’ असे विचारतात त्यांच्या प्रश्नात सोवळेच असते असे नाही. कित्येकदा ती नुसती माणसाची चौकशी असते.

या व्यवहाराच्या दुसऱ्या टोकाला जो उभा आहे त्याच्या वयाचा विचार क्वचितच होतो. जेवण आणणारा मुलगा बहुधा पंचविशीच्या आसपासचा, पुष्कळदा परगावचा. डबेवाला आपल्या मंडळीत भागीदार असे, तेथेच त्याचे केस पिकत आणि पुढे मुलगा त्याच्या जागी येई. या मुलाला कंपनी भागीदार म्हणते, पण भाग देत नाही. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत अशा कामगारांची कायद्याने पहिल्यानेच व्याख्या झाली, इतकेच. पंचावन्नाव्या वर्षी तो दिल्लीच्या जूनमध्ये मोटारसायकल चालवीत असेल अशी कल्पनाही कोणी केलेली दिसत नाही. त्याच्या घरी रात्री कोण काय शिजविते, हे कोणत्याही वयोगटाच्या तक्त्यात येत नाही.

सरोजिनी नगर स्वतःही आता पूर्वीचे राहिलेले नाही. 2016 साली मंत्रिमंडळाने दिल्लीतील सात सरकारी वसाहती पाडून पुन्हा बांधण्यास संमती दिली, त्यात ही एक. झाडे तोडण्यावरून 2018 साली उच्च न्यायालयापर्यंत वाद गेला. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये येथे मेट्रोचे स्थानक उघडले. 2025 च्या जानेवारीत अठ्ठावीस उंच इमारतींतील अडीच हजारांहून अधिक घरांचे उद्घाटन झाले. जुन्या बैठ्या क्वार्टरमध्ये दार रस्त्याजवळ असे. दूधवाला, भाजीवाला, पोस्टमन यांच्याशी ओट्यावर बसलेल्या वृद्धाचे दोन शब्द होत, आणि सुरुवातीच्या काळात पार्सल घेऊन येणाऱ्या मुलालाही पाणी विचारले जाई. उंच इमारतीत फाटकाशी पहारेकरी असतो आणि वर जाण्यास उद्वाहक. मुलगा फाटकावर नाव आणि घराचा क्रमांक सांगतो, वरून कोणीतरी होकार देते, आणि तो चौदाव्या मजल्यावर जाऊन दारापुढे पुडके ठेवतो. घंटा वाजल्यावर उठून दाराशी येण्यास वृद्ध माणसाला जितका वेळ लागतो, तेवढ्यात तो खाली पोचलेला असतो; पुढच्या जेवणाची वेळ त्याच्या मोबाइलवर सुरू झालेली असते.